चुकीला जागा किती? विमानतळ धोक्याचं कशानं होतं

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उडाल्यावर मिनिटभराच्या आत मेघाणीनगरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, जमिनीवरचे १९ जण गेले. अहमदाबाद आपल्याला परकं नाही. नंदुरबार, नवापूर, धुळ्याकडच्या कितीतरी घरांची सोयरीक आणि धंदा गुजरातेत आहे. तेव्हापासून खान्देशात एक प्रश्न सारखा कानावर येतो. "भाऊ, जळगावची धावपट्टी एवढीशी आहे म्हणे. तिथून बसावं, की गाडी करून संभाजीनगरला जावं आणि मोठ्या विमानतळावरून निघावं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र धावपट्टीची लांबी सांगून संपत नाही. अहमदाबादची धावपट्टी साडेतीन हजार मीटर आहे, जळगावच्या दुप्पट. त्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात चर्चा आहे ती इंजिनाचा इंधनपुरवठा तोडणाऱ्या स्विचची, धावपट्टीची नाही. मग विमानतळ "सेफ" आहे की नाही हे ठरतं कशावरून?

"जगातली सर्वात धोकादायक विमानतळं" ही यादी कितपत खरी?

मोबाइलवर फिरणाऱ्या या याद्यांमध्ये दोन नावं हमखास असतात, नेपाळचं लुकला आणि भूतानचं पारो. दोघांचेही फोटो छातीत धस्स करणारे. पण दोघांचा धोका सारखा नाही.

लुकला एव्हरेस्टच्या वाटेवर, सुमारे २,८४५ मीटर उंचीवर आहे. धावपट्टी फक्त ५२७ मीटर आणि तीही जवळजवळ १२ टक्के चढाची. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. उतरताना शेवटच्या टप्प्यात पायलटला वाटलं की जमत नाही, पुन्हा वर उचलू, तर समोर डोंगर उभा. २००८ मध्ये धुक्या-ढगात उतरणारं एक छोटं विमान धावपट्टीच्या अगदी जवळ आदळलं आणि १८ जण गेले. तिथली भीती खरी आहे.

पारोला विमान दरीतून वळणं घेत, घरांच्या छपरांवरून येतं. पण तिथे उतरायची परवानगी खास त्याच विमानतळासाठी तयार केलेल्या मोजक्या पायलटांना असते, फक्त दिवसाउजेडी, आणि दरी डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल तरच. दिसत नसेल तर विमान येत नाही, प्रवासी ताटकळतात, आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. प्रवासी विमानाचा जीवघेणा अपघात तिथे झालेला नाही.

कन्नडचा घाट उतरलेल्या माणसाला यातलं मर्म लगेच कळेल. घाटात ट्रकवालाही खालच्या गिअरमध्ये, हॉर्न देत, जपून उतरतो. माणसं जास्त मरतात ती सपाट, सरळ हायवेवर, कारण तिथे सगळ्यांना वाटतं की इथे काय होणार. विमानतळाचंही पुष्कळसं असंच आहे. घाबरवणारा विमानतळ आणि धोक्याचा विमानतळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विचारायचा प्रश्न एकच: इथे कोणाची चूक झाली, यंत्र बिघडलं किंवा हवामान फिरलं, तर ते सावरायला किती जागा शिल्लक आहे?

अपघात मोजून क्रमवारी का लावता येत नाही?

कारण विमान अपघात फार दुर्मीळ आहेत. २०२४ या एका वर्षात जगभरात ४ कोटींहून जास्त प्रवासी आणि मालवाहू उड्डाणं झाली आणि विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या मोजणीनुसार त्यातले जीवघेणे अपघात ७. त्याआधीच्या वर्षी, २०२३ मध्ये, अशी घटना एकच, नेपाळमधल्या पोखऱ्याची, तिच्यात ७२ जण गेले. इतके थोडे आकडे हजारो विमानतळांवर वाटले तर बहुतेकांच्या वाट्याला शून्यच येतं, आणि शून्याची शून्याशी तुलना करून काही हाती लागत नाही.

कॉन्कॉर्ड विमानाचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. १९७६ पासून प्रवासी नेणाऱ्या त्या विमानाचा जुलै २००० पर्यंत एकही जीवघेणा अपघात नव्हता, म्हणजे कागदावर ते सर्वात सुरक्षित. २५ जुलै २००० ला पॅरिसला एक कोसळलं, ११३ जण गेले, आणि मुळात उड्डाणंच थोडी असल्यामुळे एका दिवसात त्याचा अपघातांचा दर सगळ्यांत वाईट झाला. विमान तेच होतं, फक्त आकडा बदलला. त्या अपघाताची सुरुवात कशी झाली तेही पाहा. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून धातूची एक पट्टी धावपट्टीवर पडली होती. जेमतेम अर्ध्या मीटरच्या आतली. कॉन्कॉर्डचं चाक तिच्यावरून गेलं, टायर फाटला, त्याचा तुकडा इंधनटाकीखाली आपटला आणि आग लागली. म्हणून प्रत्येक विमानतळावर जीप घेऊन धावपट्टी नजरेखालून घालायचं काम दिवसातून अनेकदा चालतं. कुठल्याच यादीत हे काम दिसत नाही, पण विमानतळ कसा आहे ते त्यावरून कळतं.

दिवसाला दोन-चार विमानं येणाऱ्या ठिकाणी वर्षानुवर्षं अपघात झाला नाही, याचा अर्थ तिथे सगळं चोख आहे असा असू शकतो. अजून वेळ आलेली नाही, असाही असू शकतो. त्यामुळे तज्ज्ञ अपघात मोजण्यापेक्षा शिल्लक जागा मोजतात. ती कशी, ते एकेक करून पाहू.

धावपट्टी किती लांब असली म्हणजे पुरे?

जळगावची धावपट्टी साधारण १,७०० मीटर. सत्तर सीटांचं पंख्याचं विमान, म्हणजे एटीआर, समुद्रसपाटीला, साधारण हवेत, पूर्ण वजनानिशी तेराशे-साडेतेराशे मीटरच्या आसपास मागतं. इंडिगो किंवा एअर इंडियाची मोठी जेट विमानं पूर्ण वजनाला दोन हजारांच्या वर जातात. म्हणून जळगावला एटीआर येतं आणि एअरबस येत नाही. धावपट्टी आखूड असणं हा धोका नाही. आखूड धावपट्टीवर तिला न पेलणारं विमान किंवा वजन आणणं हा धोका आहे.

हा हिशेब वाटतो त्याहून कडक असतो. जेट विमानानं उतरताना पूर्ण थांबण्याचं गणित धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसवायचं, असा नियम आहे. पाऊस असेल तर आणखी १५ टक्के लांबी धरायची. उडतानाही लांबी नुसती उडण्यापुरती धरत नाहीत. ऐन वेगात एक इंजिन बंद पडलं तर थांबता आलं पाहिजे, आणि थांबायची वेळ निघून गेली असेल तर उरलेल्या इंजिनावर उडता आलं पाहिजे.

आता त्यात जळगावचा मे महिना घाला. पंखांना उचलते ती हवा आणि इंजिन ओढतं तीही हवा. ती तापली की पसरते, विरळ होते. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे-अडीचशे मीटरच उंच आहे. पण ४५ अंशांच्या दुपारी तिथल्या हवेची घनता साध्या सूत्रानं काढली तर ती प्रमाण वातावरणात साडेतेराशे मीटर उंचीवर असते तेवढीच निघते. साडेतेराशे मीटर म्हणजे महाबळेश्वर. विमानाच्या दृष्टीनं आपलं जळगाव मे महिन्यात दुपारी महाबळेश्वराच्या डोंगरावर जाऊन बसतं. जानेवारीतल्या १५ अंशांच्या सकाळपेक्षा ही हवा सुमारे दहा टक्के विरळ असते. विमान जास्त धावतं, सावकाश चढतं. अशा दिवशी कंपनी काही सीट रिकाम्या ठेवते किंवा बॅगा मागे ठेवते तेव्हा प्रवासी काउंटरवर भांडतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या माणसाशी भांडू नका. तो तुमच्यासाठी शिल्लक जागा राखतो आहे.

उतरताना छोट्या फरकांचा मोठा परिणाम होतो. विमान धावपट्टीच्या सुरुवातीला ठरल्यापेक्षा फक्त ५० फूट उंच आलं, तर नेहमीच्या तीन अंशांच्या उतारानं ते जवळजवळ २९० मीटर पुढे जाऊन टेकतं. जळगावच्या मापानं धावपट्टीचा सहावा हिस्सा गेला. वाऱ्याचंही तसंच. ताशी २६० किलोमीटर वेगानं टेकणाऱ्या विमानाच्या पाठीमागून ताशी १८ किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरचा वेग सात टक्के वाढतो, पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा १५ टक्क्यांच्या आसपास वाढते.

धावपट्टी संपते तिथून पुढे काय आहे?

मला विचाराल तर विमानतळाची खरी परीक्षा इथे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या धावपट्टीच्या टोकाला ६० मीटरची पट्टी आणि तिच्यापुढे किमान ९० मीटर सपाट, मोकळी जमीन लागते. शिफारस २४० मीटरची आहे. टोकापुढच्या या मोकळ्या जागेला थोडक्यात "रेसा" म्हणतात. विमान थांबलं नाही, तर त्याला थांबायला मिळणारी ही शेवटची जागा.

२२ मे २०१० ला मंगळुरूला दुबईहून आलेलं बोइंग ७३७ धावपट्टीच्या निम्म्याहून पुढे टेकलं आणि टोक ओलांडून गेलं. मंगळुरूचं विमानतळ टेबलटॉप आहे, म्हणजे डोंगरमाथा सपाट करून केलेलं, आजूबाजूला उतार. विमानाचा पंख एका अँटेनाच्या काँक्रीटच्या आधाराला धडकला आणि विमान दरीत गेलं. १५८ मेले, ८ वाचले.

७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला तसंच घडलं. भर पावसात, पाठीमागून वारा असताना, पुन्हा ७३७, आणि धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकलं. मंगळुरूनंतर तिथली रेसा वाढवलेली होती, तरी विमान तीही ओलांडून दरीत कोसळलं. विमानाचे तुकडे झाले. दोन्ही पायलटांसह २१ जणांचा जीव गेला. कॅप्टन दीपक साठे आपल्या महाराष्ट्राचे, हवाई दलातून आलेले.

या दोन घटनांच्या मधली एक घटना फारशी कोणाच्या लक्षात नाही. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत धो धो पाऊस होता. जयपूरहून आलेलं एक विमान, तेही ७३७-८००, ओल्या धावपट्टीवर थांबू शकलं नाही आणि टोकापलीकडे चिखलात जाऊन रुतलं. मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली, शेकडो उड्डाणं रद्द झाली, लोकांनी शिव्या घातल्या. पण मेलं कोणी नाही. कोझिकोडसारखंच विमान, तसलाच पाऊस, तोच प्रकार. टोकापुढे एका ठिकाणी सपाट माती होती आणि दुसऱ्या ठिकाणी दरी.

अमेरिकेतल्या बरबँक या विमानतळानं तर स्वतःचीच तुलना करून दाखवली. तिथली एक धावपट्टी जळगावहून जेमतेम ७० मीटर मोठी आहे. ५ मार्च २००० ला एक जेट फार वेगात उतरलं आणि कुंपण तोडून थेट रस्त्यावर, पेट्रोल पंपाशेजारी जाऊन थांबलं. त्यानंतर धावपट्टीच्या त्या टोकाला खास ठिसूळ काँक्रीटचे ठोकळे अंथरले. विमानाची चाकं त्यात भुगा करत रुततात आणि विमान थांबतं. डिसेंबर २०१८ मध्ये पावसात त्याच कंपनीचं विमान तिथेच पुढे गेलं, ठोकळ्यांत रुतलं आणि थांबलं. माणसं शिडीनं सुखरूप उतरली. धावपट्टी एक इंचही वाढली नव्हती.

आणि याच्या उलट २९ डिसेंबर २०२४ चं दक्षिण कोरियातलं मुआन. पक्ष्यांची धडक बसलेलं ७३७ चाकं न काढता पोटावर उतरलं, घसरत टोक ओलांडून गेलं, आणि पुढे सुमारे २५० मीटरवर मातीत गाडलेल्या काँक्रीटच्या बंधाऱ्यावर आपटून फुटलं. १८१ पैकी १७९ गेले. त्या बंधाऱ्यावर होती विमानांना उतरायला मार्गदर्शन करणारी अँटेना, मंगळुरूला पंखाला लागली तीच जातकुळी. धावपट्टीच्या सरळ रेषेत जे काही उभं करायचं ते धडकेत सहज मोडणारं असावं, ही गोष्ट जगाला आधीपासून माहीत आहे. चौदा वर्षांनी पुन्हा काँक्रीटच आडवं आलं, याचा राग यायला हवा.

पण चूक तर पायलटचीच होती ना?

मंगळुरूच्या आणि कोझिकोडच्या चौकशीत तसंच निघालं. दोन्हीकडे विमान नीट बसलेल्या उतारावर नव्हतं, तरी उतरणं चालू ठेवलं. मंगळुरूला तर सहवैमानिकानं सोडून द्या, वर उचला असं पुन्हा पुन्हा म्हटलं होतं, आणि कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता. चूक होतीच. पण १५८ माणसांचा जीव हा त्या चुकीला लावलेला दर होता, आणि तो दर डोंगर, दरी आणि काँक्रीटनं ठरवला. माणसं चुका करणारच, हे धरून विमानतळ बांधायचा असतो.

उतरणं अर्धवट सोडून विमान पुन्हा वर नेण्याला "गो-अराउंड" म्हणतात. विमान खाली येता येता एकदम गरजून वर निघालं की आपल्याकडे केबिनमध्ये आरडाओरडा होतो, मग उतरल्यावर "पायलटला उतरवता आलं नाही" असे मेसेज जातात. खरं तर पायलटनं तुम्हाला शिल्लक जागा मिळवून दिलेली असते. त्याला नावं ठेवणारा समाज पुढच्या पायलटवर उतरवण्याचाच दबाव टाकत असतो.

कुंपणाबाहेरच्या गोष्टींचा काय संबंध?

फार मोठा संबंध आहे, आणि त्याचं सर्वात कठोर उदाहरण आपल्या शेजारचं आहे. २६ एप्रिल १९९३, औरंगाबादचं चिकलठाणा विमानतळ, भर दुपार. मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टी जवळजवळ संपेपर्यंत उचललं नाही. टोकापलीकडून बीड रस्ता जात होता आणि त्या क्षणी तिथून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची चाकं आणि इंजिन ट्रकला लागलं. पुढे जाऊन ते विजेच्या तारांना अडकलं आणि शेतात पडलं. ११८ पैकी ५५ जण गेले.

चौकशीत दोन कारणं निघाली. पायलटनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, हे एक. विमान उडण्याच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखायला हवी होती, ती रोखली गेली नाही, हे दुसरं. गाठी भरलेला ट्रक किती उंच दिसतो ते खान्देशात कोणाला सांगायला नको. हंगामात प्रत्येक जिनिंगबाहेर असे ट्रक उभे असतात. तो ट्रकवाला रोजच्या रस्त्यानं माल घेऊन चालला होता. त्या दिवशी त्याला फाटकापाशी दोन मिनिटं थांबवायला कोणी असतं, तर उशिरा उचललेलं विमान बहुधा तरीही निघून गेलं असतं.

इमारतींचं गणितही याच अंगानं समजतं. विमान ज्या दिशेनं येतं-जातं, तिथे पुष्कळ ठिकाणी पन्नासास एक अशा उताराची रिकामी जागा राखायची असते. म्हणजे टोकापासून एक किलोमीटरवर सुमारे वीस मीटर उंची, फार तर पाच-सहा मजले. म्हणून विमानतळाच्या वीस किलोमीटरच्या टापूत बांधकामाच्या उंचीला विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते. सुरतला धावपट्टीच्या वाटेत उंच इमारती उभ्या राहिल्यामुळे एका बाजूनं टेकण्याची जागा आत सरकवावी लागली. जनतेच्या पैशानं केलेली धावपट्टी बिल्डरांच्या मजल्यांनी आखूड केली.

त्याच सुरतला नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्लीला निघालेल्या विमानाला धावताना म्हैस धडकली. माणसं वाचली. कुंपणाला भगदाड असणं म्हणजे काय, ते त्या संध्याकाळी सगळ्या देशाला दिसलं. पक्ष्यांचा धोका याहून रोजचा. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकणं, जनावरं कापणं, पक्षी गोळा होतील असं काही करणं, याला कायद्यानं बंदी आहे. घारी आणि कावळे विमानतळावर काही विमानासाठी येत नाहीत, ते आपण टाकलेल्या उकिरड्यासाठी येतात.

धुकं पडलं, काही दिसेना, मग?

धावपट्टीच्या कडेला चार दिवे ओळीनं असतात. पायलटला दोन पांढरे आणि दोन लाल दिसले की उंची बरोबर. चारही पांढरे दिसले तर विमान जास्त उंच, चारही लाल तर धोक्याचं खाली. एवढ्या साध्या दिव्यांनी असंख्य विमानं सुखरूप उतरवली आहेत. पण ते दिसायला तरी हवेत.

नुसत्या नजरेनं उतरायचं तर साधारण पाच किलोमीटरपर्यंत दिसावं लागतं. रेडिओ लहरींनी वाट दाखवणारी आयएलएस ही यंत्रणा असेल तर साधारण साडेपाचशे मीटर पुरतात, आणि दिल्लीसारख्या ठिकाणी तिची सर्वात वरची पातळी आहे तिथे पन्नास मीटरही चालतात. छोट्या विमानतळावर डिसेंबरच्या सकाळी विमान रद्द होतं त्यामागे बहुधा हेच असतं. रद्द झालेलं विमान ही गैरसोय आहे, धोका नाही. धोका असतो तो "बघू या उतरून" म्हणण्यात.

मोठं विमानतळ म्हणजे बिनधोक, हे तरी खरं का?

मोठ्या विमानतळाला लांब धावपट्टी, चांगली यंत्रणा, मोठं अग्निशमन दल मिळतं. त्याबरोबर गर्दीही मिळते. विमान वाहतुकीच्या इतिहासातला सर्वात मोठा अपघात हवेत झालेला नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफ बेटावर, धुक्यात, एक जंबो जेट उडायला धावलं तेव्हा दुसरं जंबो त्याच धावपट्टीवर होतं. ५८३ माणसं गेली. दुसऱ्या एका विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे सगळी विमानं त्या लहान विमानतळावर वळवली होती आणि तिथे जागाच उरली नव्हती.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, पण मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले. बॅगा न घेता, सूचना ऐकून. मुंबईतही ८ जून २०२४ ला एक विमान उडत असताना त्याच धावपट्टीवर मागून दुसरं टेकलं. अनर्थ टळला. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि तिच्यावर दर तासाला चाळीसहून जास्त विमानं चढ-उतार करतात. तिथली शिल्लक जागा मीटरमध्ये मोजायची नसते, सेकंदांत मोजायची असते.

मग जळगावहून बसावं का?

माझ्या मते, नियमित प्रवासी विमान असेल तर निःशंक बसावं. एटीआरला १,७०० मीटर चालतात, आणि हवा-वजन-वाऱ्याचा हिशेब जमला नाही तर ते विमान उडवायचं नसतं. शिवाय तुलना कशाशी करतो तेही पाहायला हवं. संभाजीनगरचं मोठं विमानतळ गाठायला दीडशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता आणि अजिंठ्याचा घाट आहे, बहुधा पहाटेच्या अंधारात, झोपाळलेल्या ड्रायव्हरबरोबर. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात महाराष्ट्रातली १५ हजारांवर. धावपट्टीच्या भीतीनं रस्ता निवडणं म्हणजे लहान धोका टाळून मोठा पत्करणं.

सगळं उडणं मात्र एका मापाचं नसतं. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला प्रशिक्षणाचं छोटं विमान कोसळलं, प्रशिक्षक गेला, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली, आणि तिच्यापर्यंत आधी पोचले ते आसपासचे गावकरी. नियमित प्रवासी विमानं येतात तिथे विमानाच्या आकारानुसार अग्निशमन दलाचा दर्जा ठरलेला असतो आणि त्यांनी तीन मिनिटांच्या आत धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पोचायचं असतं. अधूनमधून चार्टर किंवा शिकाऊ विमानं उतरणाऱ्या धावपट्टीवर तशीच सज्जता असेल असं गृहीत धरू नये.

आपण काय विचारायचं?

विमानतळाच्या बैठका होतात तेव्हा आपल्याकडे मागणी एकच असते, मुंबईची फेरी सुरू करा, वेळ बदला. ती हवीच. पण आमदार-खासदारांना याच्या जोडीनं विचारा: धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे सपाट मोकळी जमीन किती मीटर आहे, आणि तिच्यात काँक्रीटचं काही उभं आहे का? कुंपणाला भगदाड आहे का? मोठं विमान आणायचं म्हणून धावपट्टी वाढवाल, तेव्हा ती वाढीव लांबी टोकाची मोकळी जागा खाऊन तर होणार नाही ना? जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला योग्य मोबदला मिळाला तर ही जागा मिळते, नाहीतर प्रकरण कोर्टात अडकतं आणि रेसा नकाशावरच राहते. म्हणून मोबदल्याचा प्रश्नही सुरक्षेचाच प्रश्न आहे.

आणि काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. जळगाव विमानतळालगतच्या कुसुंब्याच्या परिसरात लग्नाच्या वरातीत आकाशाकडे लेझर मारू नका, उतरत्या विमानाच्या पायलटचे डोळे त्यानं दिपतात. ड्रोन उडवू नका. विमानतळाच्या आसपास उघड्यावर कचरा किंवा मेलेली जनावरं टाकलेली दिसली तर फोटो काढून, जागा लिहून, तक्रार विमानतळ संचालक आणि महापालिका किंवा ग्रामपंचायत या दोघांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. पक्षी आणि कचरा यांवर विमानतळ आणि स्थानिक प्रशासन मिळून समितीत बसतात. लेखी तक्रार असेल तर तो विषय त्या बैठकीत टाळता येत नाही.